ब्राउझरची शर्यत आणि मुर्रीचा मोबाईल

‘मोबाईल हँग झाला’ ही तक्रार आता दवाखान्याच्या ओपीडीतही ऐकू येते. नोंदणीसाठी भिंतीवरचा क्यूआर कोड स्कॅन करायचा असतो, आभा क्रमांक दाखवायचा असतो, एखाद्या योजनेचा अर्ज भरायचा असतो. गोंदिया शहराला लागून असलेल्या मुर्रीसारख्या गावातून लोक सकाळीच येतात. हातात सात-आठ हजारांचा मोबाईल असतो. पान उघडते, बटण दिसते, दोनदा-चारदा दाबले तरी काही होत नाही. ‘नेट तं फुल्ल आहे जी, मंग काऊन अटकते?’ हा प्रश्न मग खिडकीतल्या क्लार्कला, सिस्टरला आणि कधी कधी डॉक्टरलाही विचारला जातो.

प्रश्न अगदी बरोबर आहे. नेट पूर्ण असूनही पान अडकते, कारण ते सुरू करण्याचे बरेचसे काम आता नेटवर्क नव्हे, तर तुमचा मोबाईलच करतो. हे काम वेगाने व्हावे म्हणून जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांनी गेली सतरा-अठरा वर्षे एक जबरदस्त शर्यत लावली. शर्यतीत वेग खरोखरच वाढला. तरीही तुमच्या हातातले पान का अडकते, हे समजून घेणे उपयोगाचे आहे. यातला एक धडा आम्हा डॉक्टरांना फार जुना आणि ओळखीचा आहे.

पानाच्या आत दडलेला प्रोग्राम

वेबपान म्हणजे केवळ अक्षरे आणि चित्रे नव्हेत. त्यासोबत एक प्रोग्रामही येतो, त्याला स्क्रिप्ट म्हणतात. तुम्ही मोबाईल क्रमांकाचे नऊच आकडे टाकले तर ‘क्रमांक अपुरा आहे’ असे लगेच सांगणारी, जिल्हा निवडला की खाली त्या जिल्ह्यातले तालुके दाखवणारी, नकाशा बोटाने सरकवता येईल अशी सोय करणारी ती हीच स्क्रिप्ट. ती ज्या भाषेत लिहितात तिचे नाव जावास्क्रिप्ट. नेटस्केप या अमेरिकी कंपनीत ब्रेंडन आयक यांनी मे १९९५ मध्ये तिचा पहिला नमुना अवघ्या दहा दिवसांत तयार केला. तेव्हा तिच्याकडून फार अपेक्षा नव्हती. फॉर्म तपासायचा, एखादे चित्र बदलायचे, एवढीच किरकोळ कामे होती. त्यामुळे ती हळू चालली तरी कुणाचे बिघडत नव्हते.

चित्र बदलले ते २००४-०५ मध्ये. एप्रिल २००४ मध्ये जीमेल आले आणि फेब्रुवारी २००५ मध्ये गुगल मॅप्स. आता पानाच्या आत आख्खे सॉफ्टवेअर चालू लागले. पत्र उघडले, नकाशा सरकवला की पूर्ण पान नव्याने न मागवता हवा तेवढाच भाग बदलायचा, ही पद्धत रुळली. म्हणजे जी भाषा दारावरच्या शिपायाचे काम करायची, तिच्यावर एकदम सगळ्या कचेरीचा कारभार येऊन पडला. ब्राउझरमधला स्क्रिप्ट चालवणारा भाग, म्हणजे त्याचे इंजिन, मात्र जुनेच होते.

२००८ ची उन्हाळी धावपळ

२००८ हे या शर्यतीचे खरे वर्ष. जूनमध्ये ॲपलच्या सफारी ब्राउझरमागील वेबकिट प्रकल्पाने ‘स्क्विरलफिश’ नावाचे नवे इंजिन जाहीर केले. ऑगस्टमध्ये फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने ‘ट्रेसमंकी’ आणले. २ सप्टेंबरला गुगलने स्वतःचा क्रोम ब्राउझर बाजारात उतरवला, आणि त्याच्या पोटात होते ‘व्ही-एट’ हे इंजिन. मोटारीच्या ताकदवान इंजिनावरून ठेवलेले हे नाव. ते घडवणाऱ्या चमूचे प्रमुख होते लार्स बाक, आणि त्यांचे काम अमेरिकेत नव्हे, तर डेन्मार्कमधल्या आरहूस शहराच्या परिसरात चालले होते.

त्यानंतर दर काही महिन्यांनी कुणी ना कुणी ‘आम्ही सर्वांत वेगवान’ असे जाहीर करू लागले. नॉर्वेच्या ऑपेराने फेब्रुवारी २००९ मध्ये ‘काराकान’ या इंजिनाची घोषणा केली. जून २००९ मध्ये फायरफॉक्स ३.५ आले, तेव्हा ते आधीच्या फायरफॉक्स ३ पेक्षा दुपटीहून वेगवान असल्याचे मोझिलाने सांगितले. मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर या सगळ्यात मागे पडला होता. त्यानेही मार्च २०११ मध्ये नवव्या आवृत्तीत ‘चक्रा’ नावाचे नवे इंजिन बसवले. हे नाव आपल्याला ओळखीचे वाटावे असेच आहे. २०१० मध्ये तर गुगलने एक गंमतशीर जाहिरात केली होती. बंदुकीतून बटाटा उडवायचा, आणि तो जाळीवर आदळून त्याच्या फोडी होईपर्यंत क्रोममध्ये पान उघडून झालेले दाखवायचे.

जाहिरात हा जाहिरातीचा भाग झाला. पण वेग खरोखर वाढला होता. तो कसा, हे पाहण्यासारखे आहे.

पावसाळ्यातली ओपीडी आणि इंजिन

यंत्राला जावास्क्रिप्ट थेट कळत नाही. मध्ये दुभाषी लागतो. जुन्या ब्राउझरमधला दुभाषी ओळ वाचायचा, तिचा अर्थ लावायचा, काम करायचा आणि पुढच्या ओळीकडे जायचा. तीच ओळ हजार वेळा आली तरी हजार वेळा पहिल्यापासून अर्थ लावायचा. त्यात या भाषेचा एक स्वभाव आडवा येतो. जावास्क्रिप्टमध्ये अधिकच्या चिन्हाचे दोन अर्थ होतात. दोन्ही बाजूंना आकडे असतील तर २ अधिक २ म्हणजे ४. पण तेच अक्षरे म्हणून लिहिलेले असतील तर उत्तर ‘२२’, कारण तिथे बेरीज न होता ती एकापुढे एक जोडली जातात. त्यामुळे प्रत्येक वेळी, आलेली गोष्ट आकडा आहे की अक्षर, ही चौकशी करावी लागते. वेळ खातात त्या या चौकश्या.

नव्या इंजिनांनी केले ते असे. पावसाळ्यातल्या ओपीडीची कल्पना करा. सकाळपासून थंडी वाजून ताप येणारे कितीतरी रुग्ण तपासून झाले आहेत. पुढचा रुग्णही तीच लक्षणे सांगत आला की डॉक्टरच्या मनात मलेरियाचा अंदाज आधीच तयार असतो. तपासणीचा क्रम बसलेला असतो, हात भराभर चालतात. पण अनुभवी डॉक्टर दोन-तीन खुणा तपासल्याशिवाय पुढे जात नाही. काखेत किंवा कमरेजवळ काळी खपली दिसली, तर हा स्क्रब टायफस असू शकतो, हे त्याला ठाऊक असते. मग पहिला अंदाज सोडायचा आणि रुग्णाला पहिल्यापासून नीट तपासायचे.

ब्राउझरचे इंजिन हेच करते. स्क्रिप्टचा कोणता तुकडा पुन्हा पुन्हा चालतो यावर ते लक्ष ठेवते. एका ठिकाणी हजार वेळा आकडेच आले, तर ‘इथे आकडेच येतात’ असे गृहीत धरून तेवढ्या भागाचे थेट यंत्राच्या भाषेत, चालता चालता भाषांतर करून ठेवते. सोबत एक छोटी पडताळणीही ठेवते. कधी आकड्याऐवजी अक्षर आलेच, तर ते खास भाषांतर बाजूला सारून पुन्हा सावकाश, चौकशी करत चालू लागते. या पद्धतीमुळे स्क्रिप्टची गती कित्येक पटींनी वाढली. आज ब्राउझरमध्येच व्हिडिओ कॉल होतो, चित्रे संपादित होतात. दूरच्या तज्ज्ञ डॉक्टरचा सल्ला मिळवून देणारी ई-संजीवनी सेवा २०२० च्या टाळेबंदीत थेट रुग्णांसाठी खुली झाली, तीही ब्राउझरमधून वापरता येत होती. २००८ आधीच्या इंजिनांवर असली कामे कल्पनेपलीकडची होती.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपण ‘ब्राउझर वापरत नाही, ॲप वापरतो’ असे म्हणतो, पण अँड्रॉइडवरच्या कितीतरी ॲपच्या आत प्रत्यक्षात वेबपानच उघडलेले असते. ते दाखवणाऱ्या भागाला ‘वेबव्ह्यू’ म्हणतात आणि त्यातही क्रोमचेच इंजिन असते. मार्च २०२१ मध्ये या वेबव्ह्यूच्या एका अपडेटमध्ये दोष राहिला आणि जगभर जीमेलसारखी ॲप उघडताक्षणी बंद पडू लागली. दुरुस्त केलेला अपडेट घेतल्यावर ती पूर्ववत झाली. तेव्हा शर्यत ब्राउझरची असली तरी तिचा परिणाम ॲपवरही होतो.

रिपोर्ट सुधारला, रुग्णाचे काय?

आता धडा. शर्यत म्हटली की मोजमाप आले. २००७ च्या अखेरीस वेबकिटच्या मंडळींनी ‘सनस्पायडर’ नावाची चाचणी आणली. पुढे गुगलने ‘ऑक्टेन’, मोझिलाने ‘क्राकेन’ अशा चाचण्या काढल्या. ठरावीक छोटे प्रोग्राम द्यायचे आणि कोणता ब्राउझर ते किती वेळात संपवतो ते पाहायचे. नियतकालिकांत तक्ते छापून येऊ लागले. काही मिलिसेकंदांच्या फरकावर हार-जीत ठरू लागली. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.

आमच्या शिक्षणात एक वाक्य कायम कानावर पडते, ‘रिपोर्टवर नव्हे, रुग्णावर उपचार करा.’ यामागे महागडा अनुभव आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या काही रुग्णांच्या ईसीजीत मधूनमधून जास्तीचे, अवेळी ठोके दिसतात. अशा रुग्णांना मृत्यूचा धोका अधिक असतो, हे माहीत होते. मग औषध देऊन ते ठोके बंद केले की धोका कमी होईल, असे सगळ्यांनाच वाटले. औषधे होती, ती ठोके उत्तम दाबत होती. त्याची रीतसर चाचणी अमेरिकेत झाली, तिचे नाव ‘कास्ट’. १९८९ मध्ये त्यातल्या दोन औषधांचा भाग मध्येच थांबवावा लागला. ईसीजी सुधारला होता, पण ती औषधे घेणाऱ्यांत मृत्यू अधिक होत होते. म्हणजे कागद बरा झाला, माणूस नाही.

ब्राउझरच्या शर्यतीत जीव गेले नाहीत, पण वळण तेच आले. २०१० मध्ये इंटरनेट एक्सप्लोररच्या येऊ घातलेल्या नवव्या आवृत्तीने सनस्पायडरमधली एक चाचणी चकित करणाऱ्या वेगाने संपवली. मोझिलाच्या एका अभियंत्याला शंका आली. त्याने त्या प्रोग्राममध्ये, उत्तरात काहीच फरक पडणार नाही अशी एक निरुपयोगी ओळ घातली, तर वेळ एकदम अनेक पटींनी वाढला. त्या चाचणीत काढलेले उत्तर पुढे कुठेच वापरले जात नव्हते. हे ओळखून इंजिन ते गणित करायचेच टाळत होते. निरुपयोगी काम वगळणे ही आमच्या इंजिनाची रीतसर सुधारणा आहे, चाचणीपुरती चलाखी नाही, असे मायक्रोसॉफ्टने स्पष्ट केले. हेतू काहीही असो, त्या आकड्यावरून रोजच्या वापरातल्या पानाबद्दल काहीच कळत नव्हते, एवढे मात्र उघड झाले.

पुढे एप्रिल २०१७ मध्ये गुगलच्या व्ही-एट चमूने स्वतःचीच ऑक्टेन चाचणी निवृत्त केली. त्यांनी दिलेले कारण वाचण्यासारखे आहे. ऑक्टेनमधले गुण वाढवण्यासाठी केलेल्या काही सुधारणांनी खऱ्या पानांवर उलट नुकसान होत होते. खरे पान उघडताना वेळ जातो तो स्क्रिप्ट वाचण्यात, समजून घेण्यात आणि सुरुवातीच्या धडपडीत. ऑक्टेन मात्र मुख्यतः, एकदा सुरू झाल्यावर इंजिन किती पळते हे मोजत होती. रुग्ण दारातच अडखळत असताना आम्ही त्याचा धावण्याचा वेग मोजत बसलो, असा त्याचा अर्थ. स्वतः काढलेली परीक्षा स्वतःच बंद करणे सोपे नसते. त्यांनी ते केले, हे नोंदवले पाहिजे.

वाचलेला वेळ कुठे गेला?

इंजिन इतके वेगवान झाले, तर पाने क्षणार्धात उघडायला हवी होती. तसे झाले नाही, याचे कारण घरातल्या अनुभवातून कळेल. फ्रीज मोठा आणला की तो भरायला वेळ लागत नाही. इंजिन पळू लागले तसे पाने बनवणाऱ्यांनी त्यात अधिक स्क्रिप्ट भरली. जाहिराती, तुमच्या हालचालींवर नजर ठेवणारे तुकडे, हलती चित्रे, तयार साच्यांचे अवजड गठ्ठे. वेबपानांची नियमित मोजणी करणाऱ्या एचटीटीपी अर्काइव्हच्या २०२४ च्या पाहणीनुसार मोबाईलवरच्या मधल्या, म्हणजे ना फार जड ना फार हलक्या, पानासोबत साडेपाचशे किलोबाइटहून थोडी अधिक स्क्रिप्ट येते. तीही दाबून बारीक केलेली असते, मोबाईलमध्ये उलगडली की तिचा पसारा कितीतरी वाढतो. यातला बराच भाग पान उघडताना वापरलाही जात नाही.

हा भार सर्वांच्या खांद्यावर सारखा पडत नाही. गुगलच्या अभियंत्यांनी २०१८ मध्ये एक हिशेब मांडला होता. सीएनएन या वृत्तसंस्थेच्या पानातली स्क्रिप्ट वाचून समजून घ्यायला तेव्हाच्या महागड्या आयफोन-८ ला सुमारे चार सेकंद लागत होते. मोटो जी-४ या मध्यम किमतीच्या मोबाईलला तेरा. पान तेच, काम तेच, फरक फक्त खिशातल्या पैशांचा. अभियंत्याच्या टेबलावर नवाकोरा संगणक असतो आणि हातात महागडा मोबाईल. तिथे पान चटकन उघडते, आणि ते ‘व्यवस्थित चालते’ असा शेरा मिळतो. मुर्रीतल्या घरात तेच पान आईच्या मोबाईलवर उघडते, ज्यावर आधीच मुलाचे गेम, शाळेच्या ग्रुपवरचे शेकडो फोटो आणि अर्धवट बंद केलेली दहा ॲप आहेत.

गंमत म्हणजे स्वस्त मोबाईलचा विचार या शर्यतीत पूर्वी कुणी केलाच नव्हता असे नाही. २००५-०६ मध्ये आलेल्या ऑपेरा मिनीने वेगळीच वाट धरली. पान आधी कंपनीच्या मोठ्या संगणकावर उघडायचे, स्क्रिप्ट तिथेच चालवायची आणि तयार झालेले पान आटोपशीर करून मोबाईलवर पाठवायचे. घरी चूल पेटवण्याऐवजी डबा मागवावा तसे. बटणांचे साधे मोबाईल आणि मंद टूजी नेट असताना भारतात हा ब्राउझर खूप चालला तो यामुळेच. पुढे २०१६ नंतर फोरजी डेटा स्वस्त झाला, टचस्क्रीन मोबाईल घरोघरी गेले, आणि चूल पुन्हा आपल्याच घरात आली.

व्ही-एटच्या बाबतीतही असेच एक वळण आले. सुरुवातीला या इंजिनाचा अभिमानाचा मुद्दा हा होता, की ते दुभाषी ठेवतच नाही, सगळ्याचे सरळ यंत्रभाषेत भाषांतर करते. पण हे भाषांतर साठवायला मेमरी भरपूर लागते, आणि स्वस्त मोबाईलमध्ये तीच नसते. म्हणून २०१६ मध्ये कमी मेमरीच्या अँड्रॉइड मोबाईलसाठी त्यांनी ‘इग्निशन’ नावाचा दुभाषी आणला, आणि पुढच्या वर्षी तो सर्वांसाठीच कायम केला. आता आधी दुभाषी कामाला लागतो आणि जो भाग फार वेळा चालतो त्याचेच भाषांतर होते. औषधाचा डोस रुग्णाच्या वजनाप्रमाणे ठरवावा, तसे हे झाले.

वेगाचे दुष्परिणाम

ज्या औषधाला परिणाम आहे त्याला दुष्परिणामही असतो. अंदाज बांधून पुढे पळणारे इंजिन जितके गुंतागुंतीचे, तितक्या त्यात चुका राहण्याच्या जागा अधिक. जानेवारी २०१८ मध्ये ‘स्पेक्टर’ नावाचा दोष जाहीर झाला. तो मुळात संगणकाच्या प्रोसेसरमधला होता. प्रोसेसरही अंदाजाने काम आधीच करून ठेवतो, आणि त्या सवयीचा फायदा घेऊन एखाद्या पानातली स्क्रिप्ट तिला न दाखवायची माहिती हुडकू शकते, असे दिसून आले. ब्राउझरवाल्यांनी तातडीने, स्क्रिप्टला दिलेले अतिसूक्ष्म घड्याळ मुद्दाम भरड केले. ज्या शर्यतीत मिलिसेकंदासाठी झगडा होता, तिथे सुरक्षेसाठी काही वेग सोडून द्यावा लागला. ऑगस्ट २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने एज ब्राउझरमध्ये, चालता चालता भाषांतर करण्याची सोयच बंद ठेवून पाहण्याचा प्रयोग जाहीर केला. रोजच्या वापरात बहुतेकांना त्याचा फरक जाणवत नाही, असा त्यांचा अनुभव होता. ॲपलनेही २०२२ मध्ये, ज्यांच्यावर पाळत ठेवली जाण्याचा धोका आहे अशांसाठी आयफोनमध्ये जो कडक सुरक्षेचा पर्याय दिला, त्यात ही सोय बंद असते.

शर्यतीचा दुसरा परिणाम असा, की धावणारे कमी झाले. ऑपेराने २०१३ मध्ये स्वतःचे इंजिन सोडून क्रोमच्या पायावर उभे राहण्याचा निर्णय घेतला. मायक्रोसॉफ्टनेही डिसेंबर २०१८ मध्ये तेच जाहीर केले आणि जानेवारी २०२० मध्ये नवा एज आला. आज मोठी इंजिने तीनच आहेत, गुगलचे, ॲपलचे आणि मोझिलाचे. आमच्या गोंदियाला राईस मिलचे गाव म्हणतात. वेगवेगळ्या नावांच्या पोत्यांत एकाच मिलचा तांदूळ असावा, तसे बहुतेक ब्राउझरचे झाले आहे. भारत सरकारने स्वदेशी ब्राउझरसाठी २०२३ मध्ये स्पर्धा घेतली. मार्च २०२५ मध्ये तिचे पहिले बक्षीस झोहो कंपनीला मिळाले. त्यांच्या ‘उला’ ब्राउझरचा पायाही क्रोमचाच आहे. त्यात गैर काही नाही, पण एकाच इंजिनात दोष निघाला तर तो किती जणांना भोवेल, याचा विचार त्या निमित्ताने व्हायला हवा.

मोजमापाची नवी पद्धत

चांगली बातमीही आहे. मार्च २०२४ मध्ये ‘स्पीडोमीटर ३’ ही चाचणी प्रसिद्ध झाली, ती ॲपल, गुगल, मोझिला आणि मायक्रोसॉफ्ट या प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र बसून तयार केली. गणिती कोडी सोडवण्याऐवजी, माणसे पानावर जी कामे प्रत्यक्षात करतात, यादीत भर घालणे, मजकूर लिहिणे, तक्ते पाहणे, त्यांच्यासारखी कामे ती मोजते. त्याच महिन्यात गुगलने पानांची प्रत जोखण्यासाठी नवा निकष लागू केला. बोट लावल्यापासून पडद्यावर काहीतरी बदललेले दिसेपर्यंत किती वेळ गेला? २०० मिलिसेकंदांपर्यंत चांगले, ५०० च्या पुढे वाईट. आणि हे प्रयोगशाळेत नव्हे, खऱ्या लोकांच्या खऱ्या मोबाईलवर मोजायचे.

या आकड्यांमागे शरीरशास्त्र आहे. डोळ्यांना काही दिसल्यापासून हात हलेपर्यंत निरोगी माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. सेकंदाच्या दहाव्या भागात प्रतिसाद आला तर तो आपल्याला तत्क्षणी झाल्यासारखा वाटतो. एक सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही. दहा सेकंदांनंतर लक्ष उडते. काहीच घडले नाही असे वाटले की माणूस पुन्हा बटण दाबतो, आणखी जोरात दाबतो, आणि मग तोच अर्ज दोनदा जातो किंवा ओटीपीची वेळ टळते.

आरोग्य खात्यात याची किंमत दिसते. क्षयरोगाच्या रुग्णाची नोंद निक्षय पोर्टलवर होते आणि त्या नोंदीवर त्याचे पोषण आहाराचे अनुदान अवलंबून असते. नोव्हेंबर २०२४ पासून ते महिन्याला एक हजार रुपये आहे. आमच्या भागात सिकलसेलची तपासणी मोठ्या प्रमाणावर चालते, त्याच्याही नोंदी ऑनलाइन. लसीकरण, गरोदर मातांची नोंद, सगळे पडद्यावर. उपकेंद्रातली सिस्टर एका नोंदीमागे अर्धा मिनिट पडद्याकडे पाहत बसली, तर चाळीस नोंदींना वीस मिनिटे गेली. तेवढ्यात चार-पाच बायांचा रक्तदाब मोजून झाला असता.

तुम्ही काय कराल?

आधी निदान करा. पडदा पांढराच राहिला आणि चक्र फिरत राहिले, तर दोष बहुधा नेटचा किंवा पलीकडच्या सर्व्हरचा. दुसरी एखादी साइट उघडून पाहा. ती उघडली तर नेट ठीक आहे, पलीकडे गर्दी आहे. थोड्या वेळाने प्रयत्न करा. पण पान पूर्ण दिसते, नेट चालते, बटण मात्र ऐकत नाही आणि मोबाईल गरम होतो, तर स्क्रिप्टचा भार तुमच्या मोबाईलला झेपत नाही. अशा वेळी बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. दहा-पंधरा सेकंद थांबा. मागे उघडी असलेली ॲप आणि ब्राउझरमधल्या जुन्या टॅब बंद करा. तरीही नाही झाले तर मोबाईल एकदा बंद करून सुरू करा.

ब्राउझर आणि ‘अँड्रॉइड सिस्टम वेबव्ह्यू’ हे दोन्ही प्ले स्टोअरमधून अपडेट ठेवा. अपडेटमुळे वेग मिळतो, त्याहून महत्त्वाचे म्हणजे सुरक्षेच्या फटी बुजतात. मोबाईलमध्ये थोडी जागा रिकामी राहू द्या. ‘मोबाईल फास्ट करा’ म्हणणारी ॲप टाकू नका, ती स्वतःच आणखी एक ओझे होतात आणि माहिती चोरण्याची भीती वेगळीच. कार्यालयात अजून विंडोज-७ चा संगणक असेल, तर २०२३ पासून त्याला क्रोमच्या नव्या आवृत्त्या मिळणे बंद झाले आहे, हे प्रमुखांच्या कानावर घाला. रुग्णांची माहिती अशा यंत्रावर ठेवणे धोक्याचे आहे.

आणि जे ही पोर्टल बनवून घेतात, निविदा काढतात, त्यांना एक सुचवावेसे वाटते. नवे औषध बाजारात येण्यापूर्वी ते ज्या लोकांना द्यायचे आहे त्यांच्यावर तपासले जाते. पोर्टललाही हाच नियम लावता येईल. मंजुरी देण्यापूर्वी ते सात हजारांच्या, दोन-तीन वर्षे वापरलेल्या मोबाईलवर, एखाद्या उपकेंद्रात बसून, आशाताईच्या हातून भरून पाहावे. अडले तर पानातली अनावश्यक स्क्रिप्ट काढून टाकावी. त्यासाठी नवे इंजिन लागत नाही आणि फारसा खर्चही येत नाही.